धावताना लघवी सुटते म्हणून मैदान सोडू नका

भगिनींनो, या महिन्यात आपण अशा एका त्रासाविषयी बोलणार आहोत, जो मुली आईलाही सांगत नाहीत आणि बायका डॉक्टरलाही सांगत नाहीत. जोरात धावताना, दोरीवर उड्या मारताना, कबड्डीत एकदम वळताना किंवा जिममध्ये वजन उचलताना थोडी लघवी सुटते. कधी दोन-चार थेंब, कधी सलवार ओली होईल इतकी. मग काळीच ट्रॅक पॅन्ट घालायची, वरून लांब टी-शर्ट सोडायचा, सरावाच्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायचे नाही, असे उपाय सुरू होतात. ते पुरेनासे झाले की मुलगी एक दिवस मैदानावर येतच नाही. घरी सांगते, पाय दुखतो.

आज गावोगावी, वस्त्यांमध्ये, विहाराशेजारच्या मोकळ्या जागेत पहाटे मुली पोलीस भरतीची तयारी करताना दिसतात. ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक हे तीन प्रकार त्यांना पार करायचे असतात. त्यासाठी धावणे, बेडूकउड्या, उठाबशा, पायऱ्या चढणे असा सराव रोज चालतो. यांतल्या एखादीने लाजेपोटी तयारी सोडली तर तिच्या हातून खेळ जातोच, त्याबरोबर नोकरीही जाते. म्हणून हा विषय आरोग्याच्या पानावर उघडपणे घ्यायला हवा.

हा आजार फक्त बाळंतपण झालेल्या किंवा वय झालेल्या बायकांचा, असा आपल्याकडे पक्का समज आहे. तो खरा नाही. अमेरिकेत १९९४ साली कॉलेजच्या संघांतून खेळणाऱ्या १४४ मुलींची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय वीसच्या आसपास होते आणि एकीचेही बाळंतपण झालेले नव्हते. तरी त्यांतल्या २८ टक्के मुलींनी खेळताना लघवी सुटते असे सांगितले. जिम्नॅस्टिक्स आणि बास्केटबॉल खेळणाऱ्यांत हे प्रमाण तीनांत दोन इतके होते, तर गोल्फ खेळणाऱ्यांत एकीलाही त्रास नव्हता. पुढे स्वीडनमध्ये ट्रॅम्पोलिनवर, म्हणजे ताणलेल्या जाळीवर उंच उड्या मारणाऱ्या १२ ते २२ वर्षांच्या ३५ खेळाडूंना विचारले, तेव्हा २८ जणींनी होय म्हटले. शंभरात ऐंशी! या मुली दुबळ्या नव्हत्या, देशातल्या उत्तम खेळाडू होत्या. ज्या खेळात उडी मोठी आणि जमिनीवर आपटणे जास्त, तिथे त्रास जास्त, एवढे या आकड्यांवरून स्पष्ट दिसते.

असे का होते, ते समजून घेऊ.

पुढे ओटीपोटाखाली, दोन मांड्यांच्या मध्ये जे हाड हाताला लागते तिथपासून मागे माकडहाडापर्यंत आणि दोन्ही बाजूंनी आतल्या हाडांपर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. लघवीची पिशवी, गर्भाशय आणि मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग या झोळीवर विसावलेला असतो. लघवीची नळी, योनीमार्ग आणि गुदमार्ग तिच्यातून बाहेर येतात. या लेखात आपण तिला तळाचे स्नायू म्हणू. आपण खोकतो, शिंकतो किंवा उडी मारतो तेव्हा पोटातला दाब एकदम वाढतो आणि लघवीच्या पिशवीवर वरून ढकलल्यासारखा जोर येतो. त्याच क्षणी, किंबहुना त्याच्या किंचित आधी, तळाचे स्नायू आपोआप वर खेचले जातात आणि लघवीची नळी दाबून बंद धरतात. हे सारे आपल्या नकळत घडते.

धावताना पाऊल टेकते तेव्हा जमिनीकडून शरीरावर येणारा जोर वजनाच्या साधारण अडीच पट असतो. पन्नास किलोच्या मुलीवर प्रत्येक पावलाला सव्वाशे किलोच्या आसपास. ८०० मीटरमध्ये अशी पाचशेच्या वर पावले पडतात. उंच उडीवरून खाली येताना हा जोर आणखी वाढतो. म्हणजे मैदानावर तळाच्या स्नायूंना दोन कामे करावी लागतात. प्रत्येक पावलाला वेळेवर आवळायचे आणि शेवटच्या फेरीपर्यंत दमायचे नाही. मांडीचे, पोटरीचे, दंडाचे स्नायू आपण रोज घडवतो, या झोळीला मात्र कोणीच काही शिकवलेले नसते. बाकीचे शरीर वेगाने तयार होते आणि ही मागे राहते. म्हणूनच अनेक मुली सांगतात की पहिल्या फेरीत काही होत नाही, तिसऱ्या फेरीत सुटते. स्नायू दमलेला असतो.

मुद्दाम वेगळे सांगायची गोष्ट म्हणजे पोटाला अन्न. दिवसभर कॉलेज, घरचे काम, संध्याकाळी क्लास, पहाटे सराव आणि खाणे मात्र दोन भाकऱ्या आणि चहा. वजन कमी राहावे म्हणून काही मुली रात्रीचे जेवणही सोडतात. मेहनतीच्या मानाने अन्न फारच कमी पडले की पाळी लांबते किंवा बंद होते, हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि अशा खेळाडूंमध्ये लघवी सुटण्याचा त्रासही जास्त आढळतो. सरावाच्या काळात तीन महिने पाळी आली नाही तर ‘बरे झाले, कटकट गेली’ असे समजू नका. डॉक्टरांना दाखवा आणि ताटात डाळ, उसळ, अंडी, शेंगदाणे, भाकरी-भात वाढवा. बद्धकोष्ठ असेल तर रोजच्या कुंथण्याने तळाच्या स्नायूंवर ताण येतो. जुना खोकलाही तेच करतो.

आता पाण्याविषयी. लघवी सुटते म्हणून पाणी तोडणे हा सर्वांत जास्त केला जाणारा आणि सर्वांत वाईट उपाय आहे. पाणी कमी झाले की लघवी घट्ट आणि पिवळी होते. ती पिशवीच्या अस्तराला टोचते, त्यामुळे वारंवार लागते. जंतुसंसर्गाला वाव मिळतो, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात धावताना चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो तो वेगळाच. दिवसभर थोडे थोडे पाणी पीत राहा. सरावाच्या आधी तासाभरात तांब्याभर घटाघटा पिऊ नका, एवढाच बदल पुरे. सरावापूर्वीचा कडक चहा किंवा जिममध्ये मिळणारी उत्तेजक पेये मात्र टाळून पाहा, कारण त्यांतल्या कॅफिनने काहींना एकदम जोराची लघवी लागते. मुली पाणी पीत नाहीत याचे दुसरे कारण तर सर्वांना ठाऊक आहे. मैदानावर स्वच्छतागृह नसते, असले तर त्याला कडी नसते. हा दोष काही मुलीच्या शरीराचा नाही.

व्यायाम सोडायचा का, या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. काही घरांत म्हटले जाते की उड्या मारल्याने पिशवी सरकेल, पुढे मूल होणार नाही. धावल्याने किंवा खेळल्याने वांझपण येत नाही. लघवी सुटते म्हणजे गर्भाशय बिघडले असेही नाही. याच्या उलट टोकाची चूकही होते. परदेशातल्या काही व्यायामशाळांत लघवी सुटणे म्हणजे खरी मेहनत केल्याची खूण, असे हसत हसत मानण्याची रीत पडली होती. तीही घातक आहे. लघवी सुटणे म्हणजे तळाच्या स्नायूंना भार झेपत नाही, एवढाच त्याचा अर्थ. गुडघा दुखला तर आपण जसे उपचार करून, ताकद वाढवून पुन्हा धावतो, तसेच इथे करायचे.

उपाय म्हणजे या स्नायूंचा व्यायाम. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड कीगल यांनी १९४८ साली तो वैद्यकीय जगापुढे मांडला, म्हणून त्याला कीगल व्यायाम म्हणतात. मोबाइलवर त्याचे शेकडो व्हिडिओ आहेत आणि अडचण तिथेच आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बायकांना हा व्यायाम थोडक्यात तोंडी सांगितला आणि मग त्या तो कसा करतात हे तपासले. जेमतेम निम्म्या जणींना तो नीट जमला. चारांतली एक तर वर खेचण्याऐवजी खाली जोर लावत होती, म्हणजे त्रास वाढेल असेच करत होती. म्हणून आधी स्नायू ओळखण्यात वेळ घालवा. घाई करू नका.

पाठीवर झोपा, गुडघे वाकवून पावले जमिनीवर टेकवा. चारचौघांत बसलेले असताना पोटातला वायू सुटू नये म्हणून आपण जी जागा आवळून धरतो, ती तशी आवळा. मग तेच आवळणे पुढे लघवीच्या जागेपर्यंत न्या आणि सगळे मिळून आत, वर खेचल्यासारखे करा. हे करताना नितंब घट्ट होत असतील, मांड्या एकमेकींवर दाबल्या जात असतील, पोट फुगत असेल किंवा श्वास कोंडला असेल तर ते चुकले. बाहेरून पाहणाऱ्याला काहीही हलताना दिसता कामा नये. शंका वाटली तर कपड्यावरूनच दोन मांड्यांच्या मधल्या भागावर हात ठेवा. आवळल्यावर तो भाग हातापासून दूर, आत जायला हवा. हाताकडे फुगून येत असेल तर तुम्ही कुंथत आहात. लघवी करताना मध्येच धार थांबवणे हा व्यायाम म्हणून कधीही करू नये. त्याने पिशवी पूर्ण रिकामी न होण्याची सवय लागते.

एकदा ओळख पटली की क्रम सोपा आहे. आवळा, जमेल तितके अंक मोजेपर्यंत धरून ठेवा, सुरुवातीला तीन-चार अंकही पुष्कळ, आणि मग पूर्ण सैल सोडा. जितका वेळ धरले तितकाच वेळ, किंवा थोडा जास्त, विश्रांती. असे आठ ते बारा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू आठ-दहा अंकांपर्यंत धरायला शिका. प्रत्येक वेळी शेवटी चार-पाच झटपट आवळणी करा, पटकन वर आणि पटकन सैल, कारण मैदानावर वेगाची गरज असते. सैल सोडणे हा अर्धा व्यायाम आहे, ते विसरू नका. झोपून जमले की बसून, बसून जमले की उभ्याने करा. पोळ्या लाटताना, बसची वाट पाहताना, अभ्यासाच्या टेबलाशी करता येतो, कोणाला कळतही नाही.

फळ यायला वेळ लागतो. निदान तीन महिने रोज करायचा, मध्ये खंड पाडायचा नाही. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडणाऱ्या फार. नॉर्वेमध्ये १०७ महिलांवर सहा महिने एक चाचणी झाली, ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात हा व्यायाम, विजेच्या यंत्राचा उपचार, योनीत धरायची वजने आणि काहीही उपचार न करणे यांची तुलना केली होती. सर्वांत चांगला गुण व्यायामाने आला. त्यात व्यायाम अगदी असाच होता, आठ ते बारा जोरकस आवळणी, दिवसातून तीनदा, आणि शिकवायला फिजिओथेरपिस्ट होत्या.

ताकद येईपर्यंत एक युक्ती लगेच वापरता येते. खोकला किंवा शिंक येणार असे वाटताच, वजन उचलण्यापूर्वी, उडी घेण्यापूर्वी आधी तळ आवळायचा आणि मग कृती करायची. खोकल्याच्या बाबतीत एका आठवड्याच्या सरावातच लघवी सुटणे बरेच कमी झाल्याचे अमेरिकेतील एका अभ्यासात दिसले. अर्थात धावताना प्रत्येक पावलाला असे जाणूनबुजून करता येणार नाही, तसा प्रयत्नही करू नका. पण गोळा फेकताना, उठाबशीतून वर येताना, खो-खोत बसल्या जागेवरून झेप घेताना ही युक्ती उपयोगी पडते. जोर लावताना श्वास कोंडायचा नाही, बाहेर सोडायचा. दम कोंडून वजन उचलणाऱ्याच्या पोटातला दाब खाली जातो आणि तो झेलायला झोळीच असते.

या काळात सरावात थोडा बदल करा. ज्या उडीला हमखास सुटते ती दोन-तीन आठवडे बाजूला ठेवा, बाकी सगळे चालू ठेवा. डांबरी रस्त्यापेक्षा मातीच्या मैदानावर धावा. लांब टांगा टाकत टाच आपटण्यापेक्षा पावले थोडी आखूड आणि झपाझप ठेवा. मग दोरीच्या वीस उड्या, पुढच्या आठवड्यात तीस, अशी भर घाला. सुटायला लागले तर एक पायरी मागे या. दरम्यान पॅड वापरण्यात गैर काही नाही. पाळीचे पॅड लघवी फारसे शोषत नाही, लघवीसाठीचे वेगळे पॅड औषधांच्या दुकानात मिळतात. ओले कपडे मात्र सरावानंतर लगेच बदला, नाहीतर जांघेत खाज आणि बुरशी येते.

बाळंतपणानंतर व्यायामाकडे परत येणाऱ्या भगिनींसाठी दोन शब्द. तळाचे स्नायू आवळण्याचा हलका व्यायाम काही दिवसांतच सुरू करता येतो, चालणेही हळूहळू वाढवता येते, पण धावणे आणि उड्या तीन महिन्यांच्या आत नकोत, आणि त्यानंतरही खाली जड वाटत असेल किंवा लघवी सुटत असेल तर आधी तपासणी. चाळिशीनंतर झुंबा किंवा जिम सुरू करणाऱ्यांना पाळी जाण्याच्या सुमारास हा त्रास नव्याने जाणवू शकतो. त्यांनाही हाच व्यायाम लागू पडतो.

आणि ज्यांचा व्यायाम म्हणजेच मजुरी आहे, उसाची मोळी, विटांची पाटी, पाण्याचे हंडे, त्यांच्या तळाच्या स्नायूंवर मैदानापेक्षा कमी भार नसतो. त्यांना सराव कमी करण्याची सोय नाही, विश्रांतीची तर नाहीच. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला, तो आपल्या लक्षात असेल. म्हणून इथे स्पष्ट सांगतो: खोकताना, उचलताना, धावताना लघवी सुटणे यावर गर्भाशय काढणे हा उपचार नाही. कोणी तसा सल्ला दिला तर सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

तीन महिने नीट व्यायाम करूनही फरक पडला नाही, किंवा स्नायू ओळखताच येत नाही, तर फिजिओथेरपिस्टकडे जा. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि अनेक जिल्हा रुग्णालयांत हा विभाग असतो. काही खेळाडूंचे तळाचे स्नायू सैल नसून सतत आखडलेले असतात. त्यांना खाली दुखते, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो. त्यांनी आवळण्याचा व्यायाम केला तर त्रास वाढतो, त्यांना आधी सैल करणे शिकावे लागते. हे तपासणाऱ्यालाच कळेल. ज्यांना जोराची लागते आणि संडासापर्यंत पोचेपर्यंत सुटते, त्यांचा प्रकार वेगळा आहे. त्यांना लघवीला जाण्यातले अंतर हळूहळू वाढवण्याची सवय लावतात. ‘निघण्यापूर्वी एकदा जाऊन येते’ असे दिवसातून दहा वेळा करणाऱ्यांची पिशवी थोड्याशा लघवीलाही हाका मारू लागते. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी तीन दिवस वहीत लिहून ठेवा: किती वाजता किती पाणी, किती वाजता लघवी, कधी आणि काय करताना सुटली. स्त्रीरोगतज्ज्ञ काही जणींना व्यायामाच्या वेळी योनीत बसवायची आधाराची रिंग देतात. शस्त्रक्रिया अगदी शेवटी, आणि मुले व्हायची असतील तर सहसा थांबायला सांगतात.

काही लक्षणांत मात्र तीन महिने थांबू नका. लघवीत रक्त, जळजळ आणि ताप, योनीतून काही बाहेर येत असल्यासारखे वाटणे, बाळंतपणानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर रात्रंदिवस झिरपत राहणारी लघवी, यांत लवकर तपासून घ्या. पाठीला मार लागल्यावर किंवा वजन उचलल्यावर पाठ धरली आणि त्याबरोबर मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, पाय लुळे पडू लागले, लघवी तुंबली किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोचा. यात तासांना महत्त्व असते.

मुलींना शिकवणाऱ्या प्रशिक्षकांनी हा प्रश्न मुलांसमोर कुणाला एकटीला विचारू नये. पहिल्या दिवशीच सर्व मुलींना एकत्र बसवून, शक्यतो एखाद्या ताईकडून किंवा परिचारिकेकडून, हे असे होऊ शकते आणि त्यावर व्यायाम आहे एवढे सांगून टाकावे. मैदान निवडताना जवळ कडी लागणारे स्वच्छतागृह आहे का ते पाहावे. उड्यांचे प्रकार सरावाच्या शेवटी, सगळे दमलेले असताना ठेवण्याऐवजी वॉर्म-अपनंतर लगेच घ्यावेत. आणि वॉर्म-अपमध्येच दोन-तीन मिनिटे तळाच्या स्नायूंचा व्यायाम सर्वांकडून करून घ्यावा. मुलांकडूनही, कारण हे स्नायू त्यांनाही असतात, आणि सर्वांनी केला की कोणा एकीकडे बोट दाखवले जात नाही.